विस्कटलेले वाक्य आणि शेवटी बसणारे क्रियापद

विदर्भातल्या वणी तालुक्यातले राजूर म्हणजे कोळशाचे आणि चुन्याचे गाव. पंचक्रोशीत त्याला राजूर कॉलरी म्हणतात. खाण आणि चुनाभट्ट्यांच्या कामावर कितीतरी ठिकाणची माणसे इथे आली आणि राहिली. त्यामुळे घरात वऱ्हाडी, दुकानात हिंदी, शेजारच्या ओळीत तेलुगू, आणि वणी-मारेगाव-झरी भागातल्या पोडांवर, म्हणजे आदिवासी वस्त्यांवर, कोलामी नि गोंडी असा भाषांचा शेजार इथल्या मुलांच्या कानावर लहानपणापासून असतो. शाळेत जाण्याआधीच दोन भाषा बोलणारे मूल या भागात नवलाचे नाही.

या भाषांची कुळे वेगळी आहेत. मराठी आणि हिंदी एका कुळातल्या, तर तेलुगू, गोंडी आणि कोलामी द्राविड कुळातल्या. तरी एका गोष्टीवर या सगळ्यांचे एकमत आहे. करणारा आधी, ज्याच्यावर क्रिया होते तो मध्ये आणि क्रियापद शेवटी. ‘मी वणीले गेलो’ म्हणा, ‘मैं वणी गया’ म्हणा, की तेलुगूत ‘नेनु वणीकि वेळ्ळानु’ म्हणा. गेल्याची बातमी वाक्य संपताना कळते. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने वर्ध्याकडच्या कोलामीचा अभ्यास करून १९५५ मध्ये त्या भाषेवर पुस्तक लिहिले आणि पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे असे सांगणारा गाजलेला निबंध प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा शेकडो वर्षे शेजारी नांदल्या की त्यांच्या सवयी एक होत जातात, हे त्याचे म्हणणे. पुढे कॉलिन मसिका यांनी १९७६ मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिताना शब्दक्रमाचा तपशिलाने विचार केला. भारतात या सवयीला अपवाद थोडे आहेत. काश्मिरीत क्रियापद बहुधा वाक्यात दुसऱ्या जागी येते आणि मेघालयातली खासी भाषा इंग्रजीसारखी कर्त्यामागोमाग क्रियापद ठेवते. राजूरच्या मुलाच्या कानावर यातले काहीच पडत नाही.

अशा मुलासमोर एक दिवस प्रश्नपत्रिका येते आणि तिच्यात विस्कटलेले इंग्रजी वाक्य असते. शब्द इकडचे तिकडे केलेले, आणि खाली चार पर्याय. मुलाला शब्द येतात. अर्थही साधारण कळतो. तरीही क्रम लागत नाही, कारण त्याच्या आयुष्यातल्या सगळ्या भाषांनी त्याला क्रियापद शेवटी ठेवायला शिकवले आहे आणि ही एक भाषा ते दुसऱ्या जागी मागते. या प्रश्नात मुले चुकतात ती बुद्धी कमी पडते म्हणून, असे मला मुळीच वाटत नाही. त्यांना फरक नेमका कुठे आहे हे कुणी बसून सांगितलेले नसते, एवढेच.

हा प्रश्न किती ठिकाणी भेटतो ते पाहा. शिष्यवृत्ती परीक्षेच्या इंग्रजीत सुटे शब्द जुळवायला येतात. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षांत एका वाक्याचे चार तुकडे देतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या एनडीए आणि सीडीएस या सैनिकी परीक्षांत पी, क्यू, आर, एस अशी नावे दिलेले तुकडे असतात. बँकांच्या परीक्षांत तर अख्खा परिच्छेदच विस्कटून देतात आणि वाक्यांचा क्रम विचारतात. दहा वर्षांच्या पोरापासून पंचवीस वर्षांच्या उमेदवारापर्यंत सगळ्यांच्या वाट्याला येणारा हा प्रश्न आहे.

तो अंदाजाने का सुटत नाही, हे गणितच सांगते. चार तुकडे २४ प्रकारे मांडता येतात. पाच तुकडे १२० प्रकारे, सहा तुकडे ७२० प्रकारे. आठ सुट्या शब्दांच्या मांडण्या होतात ४०,३२०. एकेक मांडणी मनात म्हणून ‘कानाला बरी वाटते का’ असे बघत बसणे म्हणजे वेळ घालवणे. शिवाय कानाला बरे वाटणे हे ज्याच्या घरात इंग्रजी आहे त्याच्या कामाचे. आपल्या मुलांनी कानावर नाही, व्याकरणावर भरवसा ठेवावा. ते त्यांच्याकडे असतेही. मराठीच्या तासाला त्यांनी ते मिळवलेले असते.

आधी इंग्रजी क्रमाला एवढी चिकटून का, ते समजून घेऊ. टिपेश्वरचे अभयारण्य फार लांब नाही, तेव्हा वाघाचेच उदाहरण घेतो. ‘वाघानं बैलाले मारलं.’ आता हे उलटे करा, ‘बैलाले वाघानं मारलं’. आणखी उलटे करा, ‘मारलं बैलाले वाघानं’. मेला बैलच. कारण ‘नं’ आणि ‘ले’ हे प्रत्यय नामाला चिकटून आहेत आणि ते कुठेही गेले तरी आपापले काम करतात. मराठीत क्रम बदलला तर भर बदलतो, घटना बदलत नाही. इंग्रजीत ‘द टायगर किल्ड द बुल’ या वाक्यातल्या वाघाच्या जागी बैल आणि बैलाच्या जागी वाघ ठेवला की वाघ मेला. तिथे कर्ता कोण हे प्रत्यय सांगत नाही, जागा सांगते.

इंग्रजी पहिल्यापासून अशी नव्हती. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय होते आणि शब्दांना हलायला बरीच मोकळीक होती. पुढच्या काही शतकांत शब्दांच्या शेवटचे उच्चार झिजत गेले, प्रत्यय गळाले. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबारात आणि कचेऱ्यांत फ्रेंच आली, इंग्रजी लिहिण्याची जुनी शिस्त मोडली, आणि या बदलाला वेग आला. प्रत्यय गेल्यावर त्यांचे काम कुणीतरी करायला हवे होते. ते वाक्यातल्या जागेने आणि छोट्या शब्दयोगी शब्दांनी उचलले. म्हणून विस्कटलेले वाक्य जुळवायला सांगणे हा इंग्रजीच्या बाबतीत खरा प्रश्न ठरतो. मराठीचे वाक्य असे विस्कटून दिले, तर अनेक मांडण्या बरोबर निघतील आणि परीक्षकच अडचणीत येईल.

जगाकडे पाहिले तर आपण एकटे नाही. जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ मध्ये ३० भाषांची तुलना करून शब्दक्रमाचे काही सर्वसाधारण नियम मांडले. त्यांतले एक निरीक्षण आपल्या कामाचे आहे. ज्या भाषांत क्रियापद शेवटी येते, त्या बहुतेक भाषांत शब्दयोगी अव्ययही नामाच्या मागे येते. ‘वणीहून’, ‘खाणीत’, ‘झाडाखाली’. इंग्रजीत ‘फ्रॉम वणी’, ‘इन द माइन’, ‘अंडर द ट्री’. म्हणजे फरक एकट्या क्रियापदाचा नाही, सगळ्या वाक्याचाच तोंडवळा फिरलेला आहे.

हा फिरलेला तोंडवळा एका उदाहरणात दाखवतो. प्रश्नात हे नऊ शब्द आले आहेत असे समजा: वर्क्स, निअर, माय, इन, वणी, अ, फादर, माइन, कोल. पहिले काम, क्रियापद शोधणे. ‘वर्क्स’. आता मराठी व्याकरणाच्या तासाला कर्ता शोधायला काय शिकवतात ते आठवा. धातूला ‘णारा’ लावायचा आणि ‘कोण’ असे विचारायचे. काम करणारा कोण? ‘माय फादर’. क्रियापदाच्या शेवटचा ‘स’ हीच साक्ष देतो, कारण कर्ता एकवचनी आहे. झाले, ‘माय फादर वर्क्स’ एवढे पक्के. उरलेल्यांत ‘इन’ आणि ‘निअर’ हे दोन शब्दयोगी. त्यांच्यामागे नाम येणारच, ते एकटे राहू शकत नाहीत. ‘निअर वणी’ आणि ‘इन अ कोल माइन’. पूर्ण वाक्य: ‘माय फादर वर्क्स इन अ कोल माइन निअर वणी.’

आता याच अर्थाचे मराठी वाक्य बाजूला ठेवा. ‘माझे वडील वणीजवळच्या कोळशाच्या खाणीत काम करतात.’ कर्ता दोन्हीकडे पहिला. त्यानंतर मराठीचा क्रम आहे वणीजवळ, खाणीत, काम करतात. इंग्रजीचा क्रम आहे काम करतात, खाणीत, वणीजवळ. आरशात पाहावे तसा. कर्ता जागेवर ठेवा आणि उरलेले मराठी वाक्य शेवटाकडून वाचत या, इंग्रजीचा सांगाडा बहुतेक वेळा समोर उभा राहतो. ‘मी उद्या सात वाजता स्टँडवर तुला भेटेन’ हे वाक्य मागून वाचा: भेटेन, तुला, स्टँडवर, सात वाजता, उद्या. ‘आय विल मीट यू अ‍ॅट द बस स्टँड अ‍ॅट सेव्हन टुमॉरो.’ मराठीत वेळ आधी सांगतो आणि स्थळ मागून, इंग्रजीत स्थळ आधी आणि वेळ मागून. ‘गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक’ म्हणताना आपण गावापासून निघतो आणि मुख्याध्यापकांपर्यंत येतो. इंग्रजी मुख्याध्यापकांपासून निघते आणि ‘ऑफ’ला धरून गावापर्यंत जाते.

विशेषणांना मात्र हा आरसा लागू नाही. ‘काळा कोळसा’ आणि ‘ब्लॅक कोल’ यांत क्रम तोच. एका नामाला तीन-चार विशेषणे आली तर इंग्रजीत आधी मत, मग आकारमान, वय, रंग आणि सगळ्यांत शेवटी, नामाला खेटून, कशापासून बनले ते येते. ‘अ ब्युटिफुल ओल्ड ब्लॅक वूडन डोअर’. यावर परीक्षेत प्रश्न येतात, पण थोडेच. ‘ऑल्वेज’, ‘ऑफन’, ‘नेव्हर’ असे किती वेळा ते सांगणारे शब्द मुख्य क्रियापदाच्या आधी येतात, पण क्रियापद ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ यांपैकी असेल तर त्याच्यानंतर. एवढे लक्षात ठेवून पुढे जावे.

खरा कस लागतो तो लांब वाक्यांत, जिथे दोन क्रियापदे असतात. सीडीएस आणि स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षांत तुकडे देतात ते अशाच वाक्यांचे. राजूरच्याच जीवनातले एक वाक्य मी बनवतो. पी: दॅट इज बर्न्ट इन दीज किल्न्स. क्यू: द लाइमस्टोन. आर: इज ब्रॉट. एस: फ्रॉम द क्वारीज अराउंड द व्हिलेज.

इथे क्रियापदे दोन, ‘इज बर्न्ट’ आणि ‘इज ब्रॉट’. मुख्य कुठले? ज्याच्या पुढ्यात ‘दॅट’, ‘हू’, ‘व्हिच’, ‘व्हेन’, ‘इफ’, ‘बिकॉज’ असा जोडणारा शब्द उभा आहे ते गौण. तो शब्द नाही ते मुख्य. म्हणून मुख्य क्रियापद ‘इज ब्रॉट’. काय आणले जाते? ‘द लाइमस्टोन’. कुठून? एस. राहिला पी. ‘दॅट’ने सुरू होणारा तुकडा ज्याच्याविषयी बोलतो त्या नामाला चिकटून बसतो, आणि भट्टीत भाजली जाते ती चुनखडी. म्हणून क्यू, पी, आर, एस. ‘द लाइमस्टोन दॅट इज बर्न्ट इन दीज किल्न्स इज ब्रॉट फ्रॉम द क्वारीज अराउंड द व्हिलेज.’ घाईत असलेला उमेदवार क्यू, आर, एस, पी असे उत्तर देतो. कर्ता झाला, क्रियापद झाले, वाक्य सरळ वाटते. पण त्या मांडणीत भट्टीत भाजले जाते ते गाव. पर्यायांत हा सापळा मुद्दाम ठेवलेला असतो.

मराठीची ‘जो–तो’ची जोडी इथे हाताशी ठेवावी. ‘या भट्ट्यांत जी चुनखडी भाजतात, ती गावाभोवतीच्या खाणींतून येते.’ ‘जी’चे वाक्य म्हणजे पी. ‘ती’चे वाक्य म्हणजे मुख्य. मुलाला मराठीत हे दोन भाग वेगळे ओळखता आले की इंग्रजीत मुख्य क्रियापद ओळखायला वेळ लागत नाही. एक फरक तेवढा सांगून ठेवावा लागतो. इंग्रजीत ‘ती’ला स्वतंत्र शब्द येत नाही, तिची जागा नामानेच आधी घेतलेली असते.

जोड्यांच्या बाबतीत मराठी सवय एका ठिकाणी घात करते. आपण ‘जरी’ म्हटले की ‘तरी’ म्हणतोच. ‘जर’नंतर ‘तर’ येतोच. म्हणून मुले ‘ऑल्दो’ने वाक्य सुरू करून मध्ये ‘बट’ घालतात. इंग्रजीला यातला एकच पुरतो. याउलट काही जोड्या इंग्रजीत अटळ आहेत. ‘नो सूनर’ दिसला की पुढे ‘दॅन’ हवाच, ‘हार्डली’बरोबर ‘व्हेन’, ‘सो’बरोबर ‘दॅट’, ‘नॉट ओन्ली’बरोबर ‘बट ऑल्सो’, ‘आयदर’बरोबर ‘ऑर’. तुकड्यांच्या प्रश्नात अशी जोडी सापडली तर अर्धे उत्तर तिथेच हाती येते. ‘नो सूनर’ आणि ‘हार्डली’ वाक्याच्या तोंडी आले तर साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येते, ‘नो सूनर डिड द बस स्टॉप दॅन...’. प्रश्नार्थक वाक्यासारखी ही मांडणी असते आणि पाठ करण्यावाचून तिला दुसरा उपाय नाही.

प्रश्नार्थकावरून आठवले. ‘बस कुठे थांबते?’ याचे इंग्रजी ‘व्हेअर डज द बस स्टॉप?’ पण ‘बस कुठे थांबते ते मला सांगाल का?’ याचे ‘कॅन यू टेल मी व्हेअर द बस स्टॉप्स?’ प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की त्याची प्रश्नाची मांडणी सुटते आणि कर्ता पुन्हा क्रियापदाच्या आधी येतो. मराठीत दोन्हीकडे ‘बस कुठे थांबते’ हे तसेच राहते, त्यामुळे आपल्याला हा फरक जाणवतच नाही. तयारी चांगली असलेले उमेदवारही इथे गुण घालवतात.

आता परिच्छेदाकडे. इथे व्याकरण कमी आणि विचाराचा धागा जास्त, म्हणून मला हा प्रकार सगळ्यांत आवडतो. चार वाक्ये घ्या. अ: बट द रेन्स केम लेट अँड द सीड्स डिड नॉट स्प्राउट. ब: अ फार्मर निअर मारेगाव सोड कॉटन इन जून. क: सो ही हॅड टू सो द फील्ड अगेन इन जुलै. ड: द सेकंड सोइंग गेव्ह हिम अ गुड क्रॉप.

विदर्भातल्या मुलाला ही गोष्ट सांगायला नको. जूनमध्ये पेरले, पावसाने दडी मारली, दुबार पेरणी करावी लागली, ती साधली. गोष्ट ठाऊक असली की ब, अ, क, ड हा क्रम आपोआप लागतो. पण परीक्षेत गोष्ट अनोळखी असणार, समुद्री प्रवाळाची किंवा एखाद्या देशाच्या अर्थव्यवस्थेची. म्हणून खुणा ओळखायला शिकावे. पहिली खूण ‘अ’ आणि ‘द’ची. मराठीत हे दोन शब्द नाहीत, पण आजीची गोष्ट आहे. ‘एक शेतकरी होता. त्या शेतकऱ्याला...’ पहिल्यांदा ‘एक’, नंतर ‘त्या’. इंग्रजीत पहिल्यांदा ‘अ फार्मर’, नंतर ‘द फार्मर’ किंवा ‘ही’. म्हणजे ‘ही’, ‘शी’, ‘इट’, ‘दे’, ‘दिस’, ‘सच’ यांनी सुरू होणारे वाक्य बहुधा पहिले नसते, त्याच्या आधी कुणाचे तरी नाव आलेले असते. पूर्ण नाव आधी येते, आडनाव किंवा संक्षेप मागून. ‘वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड’ पहिल्या वाक्यात असेल, तर ‘वेकोलि’ म्हणायची मुभा दुसऱ्या वाक्याला.

दुसरी खूण जोडणाऱ्या शब्दांची. ‘बट’ आणि ‘हाउएव्हर’च्या आधी उलटा विचार हवा. ‘सो’ आणि ‘देअरफोर’च्या आधी कारण हवे. ‘फॉर एग्झाम्पल’च्या आधी विधान हवे. ‘अगेन’ म्हटले तर एकदा झालेले आहे, ‘सेकंड’ म्हटले तर पहिले होऊन गेले आहे. वरच्या चार वाक्यांत ‘अगेन’ आणि ‘सेकंड’ या दोनच शब्दांवरून ब नंतर क आणि क नंतर ड हे ठरते. अ ला ‘बट’ने जागा दिली.

शिकवणी वर्गांत यापेक्षा वेगळी युक्ती जोरात शिकवतात. पर्याय आधी बघा, पहिले अक्षर कुठले ते बघा, न जुळणारे खोडा. ती युक्ती खोटी नाही. दोन तुकडे एकमेकांना चिकटलेलेच आहेत अशी खात्रीची जोडी सापडली, तर ती ज्या पर्यायांत नाही ते खोडून मोकळे व्हावे, पूर्ण वाक्य मनात जुळवायची गरज राहत नाही. वेळही तसाच असतो. बँक लिपिकाच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीच्या ३० प्रश्नांना २० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला ४० सेकंद. चुकीच्या उत्तराला बँकांच्या परीक्षेत त्या प्रश्नाच्या गुणांचा एक चतुर्थांश भाग कापतात, सीडीएसमध्ये एक तृतीयांश. इतक्या घाईत खोडण्याची युक्ती हवीच. पण खात्रीची जोडी कुठली हे ओळखायला व्याकरण लागते आणि ते न शिकवता नुसती युक्ती विकणे मला पटत नाही. पर्याय बदलले की युक्ती गळून पडते. ज्याला मुख्य क्रियापद ओळखता येते त्याला पर्याय कितीही बदला, फरक पडत नाही.

आणखी एक गोष्ट पालकांना सांगावीशी वाटते. इंग्रजी माध्यमात घातले की हे आपोआप येते अशी समजूत खाणीच्या वसाहतीपासून शहरापर्यंत सगळीकडे आहे. महाराष्ट्रात मराठी शाळांतही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तेव्हा कानावर पडायला सुरुवात लवकरच होते. अडते ते वाक्याची रचना ओळखण्यात, आणि तिथे मराठी शाळेची शिदोरी कामी येते. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण छापले तेव्हापासून, आणि १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आल्यावर तर अधिकच, आपल्याकडे वाक्याचे पृथक्करण करायची भक्कम परंपरा आहे. उद्देश्य, विधेय, कर्ता, कर्म, प्रधान वाक्य, गौण वाक्य हे शब्द आपल्या मुलांना सातवी-आठवीत येतात. विस्कटलेले इंग्रजी वाक्य जुळवायला नेमकी हीच हत्यारे लागतात. शब्दसंग्रह थोडा कमी असला तरी चालतो. ‘लाइमस्टोन’चा अर्थ माहीत नसला तरी ते नाम आहे आणि ‘द’ त्याच्या आधी आहे, एवढ्यावर क्रम लागतो. म्हणून परीक्षेतल्या इंग्रजीचा हा भाग मराठी माध्यमाच्या मुलाला सर्वांत न्याय देणारा आहे, असे माझे मत आहे. समानार्थी शब्द आणि वाक्प्रचार विचारणाऱ्या प्रश्नांत ज्याच्या घरी इंग्रजी पुस्तके आहेत तो पुढे जातो. या प्रश्नात डोके लावणारा पुढे जातो.

सरावाला पैसे लागत नाहीत. बालभारतीचे इंग्रजीचे पुस्तक प्रत्येक शाळेत आहे आणि बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवूनही घेता येते. धड्यातले एक वाक्य वहीच्या कागदावर लिहून त्याचे शब्द कापावेत, मिसळावेत आणि दुसऱ्या दिवशी जुळवावेत. दुसऱ्या दिवशी अशासाठी, की पाठांतर विसरले जावे आणि क्रम व्याकरणावरून लावावा लागावा. सुरुवातीला सहा शब्दांची वाक्ये, मग ‘हू’ आणि ‘व्हिच’ असलेली लांब वाक्ये, मग धड्यातला एक परिच्छेद वाक्यावाक्याने कापून. जुळवलेले वाक्य पुस्तकातल्या वाक्याशी ताडून पाहावे, आणि वेगळे निघाले तर ते चूकच आहे असे लगेच धरू नये. ‘ऑन संडे वी वेंट टू वणी’ आणि ‘वी वेंट टू वणी ऑन संडे’ ही दोन्ही बरोबर आहेत. आपले का चालते किंवा का चालत नाही, हे दोन मुलांनी बसून एकमेकांना पटवून द्यावे. हा वाद धाकट्या-थोरल्या भावंडांतही होऊ शकतो.

शिक्षकांना एक विनंती. मराठी व्याकरणाचा तास आणि इंग्रजीचा तास वेगवेगळ्या शिक्षकांकडे असतात आणि दोघांची गाठ फक्त शिक्षकांच्या खोलीत पडते. आठवड्यातून एक तास दोघांनी मिळून घ्यावा. फळ्याचे दोन भाग करावेत, एकीकडे मराठी वाक्य आणि दुसरीकडे त्याच अर्थाचे इंग्रजी, आणि मुलांना दोन्हीकडचे क्रियापद शोधायला लावावे. वर्गात कोलामी, गोंडी किंवा तेलुगू बोलणारे मूल असेल तर त्याच्या भाषेतले वाक्यही फळ्यावर यावे. राजूरसारख्या गावातल्या शाळेत असा वर्ग घ्यायला लागणारे सगळे साहित्य मुलांच्या तोंडीच आहे.